नारळ यांच्याच हातचा

समोरच्या माळावर प्लॉटिंग पडलं तेव्हा अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त आनंद आमच्या ह्यांना झाला होता. "वस्ती वाढंल, रस्त्याला दिवे लागतील, शेजारपाजार होईल," असं जो भेटेल त्याला सांगायचे. दिवे लागून तुम्हाला काय उपयोग, असं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी गिळलं. यांची नजर जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. साखरेनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा.

हे एसटीत कंडक्टर होते. बीड, वडवणी, परळी ह्याच रस्त्यानं आयुष्य गेलं. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळं शाळेत फारसे न रमलेले हे गृहस्थ गावभर मास्तर झाले. गच्च भरलेल्या गाडीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर, कशाला न धरता उभं राहून तिकीट फाडणारा माणूस. डोळे गेल्यावरही तो ताठा तसाच राहिला. काठी आणून दिली तर ती दाराआड उभी करून ठेवली. मी हात धरायला गेले की झटकून म्हणायचे, "मला काय झालंय?"

आणि खरंच फारसं काही झालं नव्हतं, कारण कान शाबूत होते. आमचं घर बीडच्या एका टोकाला, बोळाच्या आत. समोर माळ. सकाळी हे अंघोळ करून, टोपी घालून निघायचे. बोळ संपतो तिथं क्षणभर उभं राहायचं, चौकातल्या पिठाच्या गिरणीचा आवाज कुठून येतो ते ऐकायचं, आणि तिकडं डावीकडं वळायचं. गिरणीशेजारी हॉटेल. हॉटेल म्हणजे आपलं चहाचं. तिथं चार रिटायर मंडळी जमायची. त्यातला एकजण मोठ्यानं पेपर वाचायचा आणि बाकीचे त्यावर वाद घालायचे. तासाभरानं हे परत यायचे ते गावभरच्या बातम्या घेऊन. लिंबागणेशला चतुर्थीला किती गर्दी होती इथपासून परळीला कोण कोणावर रुसलं इथपर्यंत सगळं मला घरबसल्या कळायचं. येताना माझ्या शिलाई मशीनचा आवाज ऐकून दाराशी बरोब्बर थांबायचे. मी मशीन बंद ठेवून गंमत केली तर चिडायचे, "मशीन काहून बंद केलीस?" तो एक तास त्यांचा स्वतःचा होता. बाकी दिवसभर पाणी द्या, गोळी द्या, दिवाण कुठं आहे सांगा. त्या तासात मात्र ते कोणाचे मिंधे नव्हते.

माळ विकत घेणारा बिल्डर लिंबागणेशकडच्या एका जमीनदार घरातला. चुलते राजकारणातले, दाराशी कायम दोन-चार गाड्या. पण बोलायला इतका गोड की त्याच्यावर चिडायचं कसं तेच समजू नये. भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी तो स्वतः आमच्या घरी आला, यांच्या पाया पडला.

"मास्तर, वळखलं का आवाजावरून? तुमच्याच गाडीनं कॉलेजला येत होतो मी. पास घरी इसरला तरी तुमी कधी खाली उतरवलं न्हाई."

हे खुलले. "मागच्या शिटावर बसून गाणे म्हणणारा तू!"

"तोच! आता उद्याचा नारळ तुमच्या हातानं फुटला पायजे. या मातीतलं वडीलधारं माणूस तुमीच."

दुसऱ्या दिवशी हे पांढरं शर्ट-पँट घालून सकाळपासून तयार. मांडव, स्पीकर, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं होतं. यांना फेटा बांधला, शाल घातली, हाताला धरून दगडाजवळ नेलं. त्या दिवशी हात धरलेला चालला, हे मी लांबून बघत होते. यांनी चाचपून दगडाचा अंदाज घेतला आणि एका दणक्यात नारळाची दोन भकलं केली. टाळ्या वाजल्या. पहिली कुदळही यांनाच मारायला लावली. मला बिल्डरच्या बायकोनं पाटावर बसवून खणानारळानं ओटी भरली. घरी येताना हे म्हणाले, "केवढा मान दिला पोरानं." फेटा संध्याकाळपर्यंत उतरवला नाही. मीही हसले. तेव्हा आमच्या दोघांपैकी कोणाला ठाऊक होतं की आम्ही आमची तोंडं शिवून घरी आलोय.

दिवाळी झाली आणि ब्रेकर आला.

आमच्या भागात वर हातभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाया घ्यायचा म्हणजे दगड फोडायचा. ब्रेकर म्हणजे पोकलेनच्या तोंडाला लोखंडी छिन्नी बसवतात आणि ती दगडावर ठोकत राहते. ज्यानं ऐकलं नाही त्याला हा आवाज सांगून कळणार नाही. तो आधी पायातून येतो. शहाबादी फरशी तळव्याखाली थरथरायला लागते, मग फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांवर वाजतात, मग छातीत धडधड. पिंपातलं पाणी स्थिर म्हणून राहत नव्हतं. माझ्या मशीनची सुई टाका सोडून उडायची. एका बाईच्या लग्नाच्या ब्लाउजचा गळा मी वाकडा शिवला आणि तिची बोलणी खाल्ली. छपराच्या कडेचं प्लास्टर भुगा होऊन ताटात पडायचं. देवघराच्या भिंतीला तडा गेला तो आजही आहे.

पण हे सगळं माझं रडगाणं. मला निदान दिसत होतं की ठोकणारी वस्तू तिकडं लांब आहे. यांना दिसत नव्हतं. ब्रेकर सुरू झाला की यांच्यासाठी घरच नाहीसं व्हायचं. मी कुठं आहे, दार कुठं आहे, कोण आलं, कोण गेलं, सगळं त्या एका आवाजानं पुसून जायचं. अनवाणी पायानं फरशीचे सांधे मोजत हे न्हाणीपर्यंत जायचे, ती फरशीही आता हलत होती. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे खोलीच्या मधोमध दोन्ही हात पुढं करून उभे होते. मी जवळ जाऊन बोलले तरी ऐकू गेलं नाही, खांद्याला हात लावला तर एवढे दचकले की माझ्याच हाताला फटका बसला. मग ओशाळून म्हणाले, "अगं तू होय. मला वाटलं कोण हाय." लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला बायको ओळखू येऊ नये, याचा मला इतका राग आला की मी तशीच पायात चप्पल अडकवून समोर गेले.

बिल्डर कुठंतरी निघाला होता, गाडीतून उतरला. "काकू, तुमी काहून आलात? निरोप द्यायचा."

मी आवाजाचं बोलले. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, दगड हाय, त्याला आमी तरी काय करावं? पण मास्तरांना त्रास नको. त्यांच्याच हातचा नारळ हाय या कामाला."

हे वाक्य मी पुढं किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! नगरपरिषदेत गेले तर तिथल्या कारकुनानं पण हेच ऐकवलं. भूमिपूजनाला तो स्वतः जेवायला होता. "काकू, नारळ मास्तरांनी फोडला, ओटी तुमची भरली, आन आता तुमीच तक्रार करायल्यात? लोक काय म्हणतील? आन तुमच्याच जागेचा भाव वाढायलाय की." मला तोंडात मारल्यासारखं झालं. चहा पाजून त्यानं मला रिक्षात बसवून दिलं. सगळे असेच चांगले वागत होते. कोणी एक जण जरी अरेरावीनं बोलला असता तर मी रस्त्यावर बसले असते. माझी जीभ तशी काही लहान नाही. पण अपमान करणाऱ्याशी भांडता येतं, ज्याच्याकडून मान घेतला त्याच्याशी कसं भांडायचं?

गल्लीला सोबत घ्यावं म्हटलं तर गल्ली जागेवर कुठं होती? दसरा-दिवाळी झाली की आमच्या बोळातली निम्मीअधिक घरं कुलूप लावून ऊस तोडायला कारखान्यावर जातात. कोयते, भांडी, लेकरं गाडीत घालून जायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांना कमी ऐकू यायचं, त्यांची काही तक्रार नव्हती. एकीनं तर मला विचारलं, "कसला आवाज म्हणतीस बाई?"

बिल्डरनं काहीच केलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. त्यानं आधी दुपारी दोन तास ब्रेकर बंद ठेवायला सांगितलं. पण यांचं हॉटेल सकाळचं. दुपारी तिथं कुत्रंसुद्धा नसतं. सकाळी बंद ठेवा म्हटलं तर ऑपरेटर म्हणाला, "काकू, सकाळचं थंडीत काम व्हतंय, दुपारी मशीन तापती." तो वडवणीकडचा, बायकोपोरं गावाकडं ठेवून आलेला साधा माणूस. मग त्यानं स्वतःच्या मनानं एक केलं. मशीन चालू करायच्या आधी दाराशी येऊन ओरडायचा, "मास्तर, चालू करायलोय हं!" हे आतून म्हणायचे, "कर बाबा." निदान दचकणं तरी कमी झालं. दुसऱ्याच्या आवाजाला रोज परवानगी देत बसलेला माझा नवरा बघून मला हसावं की रडावं कळायचं नाही.

मग बिल्डरला वाटलं, आवाजाला आडोसा करावा. आमच्या बाजूनं त्यानं उंच पत्रे उभे केले. आता पत्रे म्हणजे काय, ते काय आवाज अडवणार? उलट वारा सुटला की तेच धाडधाड वाजायला लागले, ब्रेकर बंद असला तरी. आधी निदान दुपारची शांतता होती, तीही गेली. मी सांगितलं तेव्हा त्यानं पत्र्यांवर ओली गोणपाटं टाकून दिली. ती उन्हानं वाळली, वाऱ्यानं उडाली, एक आमच्या दारात येऊन पडलं. मी त्याचं पायपुसणं केलं. रागानंच केलं.

यांचं सकाळचं जाणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. गिरणी ऐकू येत नाही तरी अंदाजानं जायचे, भिंतीला हात लावत. मी दारात उभी राहून बघायची आणि हे वळले की आत यायची. एका सकाळी ब्रेकर ठोकत होता, आणि हे बोळाच्या तोंडाशी थांबलेले. डावी-उजवी काही कळेना म्हणून रस्त्याच्या मधोमध उभे. मागून उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला. तो हॉर्न वाजवत होता हे मला दिसत होतं, म्हणजे त्याचा हात हॉर्नवर दिसत होता. आवाज मला पण येत नव्हता, यांना कुठून येणार? मी ओरडत पळाले. ट्रॅक्टर अगदी यांच्या पाठीशी येऊन थांबला. ड्रायव्हर उडी मारून खाली आला आणि यांची कॉलर धरून म्हणाला, "मरायचंय का बे म्हाताऱ्या?" आणि चेहरा बघून एकदम हात सोडले. "अय्यो, मास्तर! चुकलो मास्तर. वळखलं न्हाई."

यांनी कॉलर नीट केली, टोपी चाचपून सरळ केली. मी दंडाला धरून घरी आणलं. त्यानंतर यांनी सकाळी टोपी घातली नाही.

हॉटेलातली मंडळी दोन-चारदा घरी आली. पण ब्रेकर चालू असताना पेपर काय वाचणार? ओरडून ओरडून घसे बसले, चहा घेऊन उठले. एकजण म्हणाला, "मास्तर, रिक्षानं नेऊ का रोज?" हे म्हणाले, "बघू." यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे मला माहीत होतं. हे दिवसभर दिवाणावर बसून राहायला लागले. कानात कापूस घालून दिला तर आणखीच घाबरले, तो काढून फेकला. माझी मशीन चालू असली की नसली, विचारायचं सोडलं. माझ्याकडं आणायला यांच्याजवळ बातम्याच राहिल्या नव्हत्या, आणि मी सांगायला गेले तर म्हणायचे, "असू दे."

एकदा मी भांडले. मनात साचलेलं बाहेर आलं. "तुम्हाला नारळ फोडायला कोणी सांगितलं होतं? फेटा दिसला की झालं!"

ब्रेकर तेव्हा बंद होता, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू गेला. हे मग म्हणाले, "डोळे गेल्यापासून मला कोणी कशाला बोलवलं होतं का? तू सांग. लग्नात बी कोपऱ्यात नेऊन बसवत्यात. त्यानं पुढं बोलवलं. मी गेलतो." मी उठून भाकरी टाकायला गेले, आणि भाकरी थापताना रडले, कारण त्यात कोणाचीच काही चूक नव्हती आणि तरी हा माणूस माझ्यासमोर खुडल्यासारखा सुकत चालला होता. मला त्याच्यासाठी काही म्हणता काही करता येत नव्हतं.

मी एकच धीर धरला होता: काम कधीतरी संपेल. हेच मी यांना सांगायची. दगड संपला की खड्डे, खड्डे झाले की कॉलम, मग स्लॅब. प्रत्येकाचा आवाज निराळा. स्लॅबच्या दिवशी मिक्सर आणि काँक्रीट दाबायचं व्हायब्रेटर दिवसभर गुरगुरत होतं. मग फरशीची कटर, कानात दाभण घातल्यासारखी. मी प्रत्येक आवाज ओळखायला शिकले आणि यांना सांगायची, "आता फरशीवर आलंय हं, म्हणजे थोडंच राहिलं." हे मान हलवायचे. पहिल्या पहिल्यांदा आशेनं, नंतर माझं मन राखायला.

ऊसतोडीची माणसं परतली तोवर रंग लागला होता. शेजारची बाई गाठोडं डोक्यावरून उतरवायच्या आधीच म्हणाली, "अय्या काकू, किती झ्याक झालंय समोर! आपली गल्ली लई सुधारली बघा." तिचं खोटं नव्हतं. समोर तीन मजली लांबच लांब इमारत, चौकाच्या बाजूला दुकानांचे गाळे, मधून काँक्रीटचा रस्ता. मी म्हणाले, "हो बाई." आणखी काय म्हणणार? जे झालं ते तिनं ऐकलंच नव्हतं.

आणि मग एका सकाळी काहीच वाजेना. पत्रे काढून नेले होते, गवंडी गेले होते. कबुतरं घुमताना ऐकू आली. मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले. हे दिवाणावर ताठ बसले होते, मान जराशी वाकडी करून, पूर्वी ऐकायचे तशी.

"संपलं?" म्हणाले.

"संपलं."

"गिरणी चालू झाली बघ. ऐकू येतीय का तुला?"

मला येत होती. हे उठले. टोपी मागितली. मी दिली आणि बाजूला झाले. हे पायऱ्या उतरले, भिंतीला हातही न लावता बोळातून निघाले, मान वर. मी दारात उभी राहिले. इतक्या महिन्यांनी त्यांची ती चाल बघून माझा जीव भांड्यात पडला. बोळाच्या तोंडाशी हे थांबले. ऐकलं. आणि उजवीकडं वळले.

मला क्षणभर समजलंच नाही. गिरणी होती तिथंच होती, डावीकडं, चौकात. मग माझ्याही कानांच्या लक्षात आलं. डावीकडं आता गाळे उभे होते, तिकडून आवाज येतच नव्हता. तो गाळ्यांच्या डोक्यावरून समोरच्या तीन मजली भिंतीवर जाऊन आपटत होता आणि उजव्या बाजूनं परत येत होता, चांगला स्वच्छ. डोळे असलेल्याला त्यानं काही फरक पडत नाही. हे त्या आवाजाच्या मागं निघाले होते, खात्रीनं, भराभर, जसे पूर्वी जायचे तसे.

हाक मारायला माझं तोंड उघडलं होतं. पण ते चालणं मोडवेना. मी चप्पल न घालताच मागून निघाले. हे नव्या रस्त्यानं थेट इमारतीपाशी गेले आणि भिंतीच्या पावलाभर अलीकडं थांबले. समोर काहीतरी आहे हे त्यांना जाणवलं असणार. हात पुढं केला नाही. गाडीत गर्दी असली की म्हणायचे तशा अदबीनं, जरा हसून म्हणाले, "जरा सरका बाबा, वाट द्या."

आणि वाट मिळायची वाट बघत तसेच उभे राहिले. पुन्हा एकदा म्हणाले, "सरका की हो."

वरच्या खिडकीतून नव्यानं राहायला आलेली एक बाई वाकून बघत होती. समोर भिंत आहे, हे मला जवळ जाऊन त्यांच्या कानात सांगावं लागलं.